कॉस्टिकशिवाय साबण होत नाही आणि शिसपेन्सिलीत शिसं नसतं

शाळा सुरू व्हायला आठवडा उरला की कोल्हापुरात महाद्वार रोडवर वह्या-दप्तरांसाठी पाय ठेवायला जागा नसते आणि फोनवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला भिशीच्या, माहेरच्या, सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि शेवटी मुलाच्या वर्गाच्या ग्रुपवरही येऊन पडला. मजकूर साधारण असा: "मुलांना केमिकलपासून वाचवा. कॉस्टिक न वापरता घरीच खोबरेल तेल, बेसन, हळद, लिंबू आणि भीमसेनी कापूर यांचा साबण करा. मुलांनाही मदतीला घ्या. दुसऱ्या दिवशी वड्या पाडा आणि वर्गमित्रांना, बाईंना भेट द्या. शिसपेन्सिलीतलं शिसं मेंदूत जातं, म्हणून कागदाची पेन्सिल घ्या. प्लॅस्टिकचा डबा फेका, बांबूचा आणा. जुनं सगळं आजच घराबाहेर काढा." खाली एका 'इको किट'ची किंमत आणि फोन नंबर.

मी मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी बारा-तेरा वर्षं साबण करते आणि तो भेट म्हणून देते. हाताने केलेली वस्तू पोरांना द्यावी, कचरा कमी करावा, या इच्छेबद्दल मला मनापासून आपुलकी आहे. म्हणूनच हा मेसेज बघून गप्प बसवलं नाही. यातली एकेक ओळ बघू.

"कॉस्टिक न वापरता साबण करा." सगळ्यात मोठी चूक इथंच आहे. तेल आणि अल्कली (म्हणजे तीव्र क्षार) यांची प्रक्रिया होऊन जे तयार होतं, त्यालाच साबण म्हणतात. वडीचा साबण हवा असेल तर ती अल्कली म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, आपल्या बोलण्यातलं कॉस्टिक. दोघं मिळून साबण आणि ग्लिसरीन होतं. माप बरोबर असेल तर वडीत कॉस्टिक शिल्लक राहत नाही, कारण ते सगळं तेलाने खाल्लेलं असतं. खाण्याचा सोडा घालून हे काम होत नाही, तो तेवढा तीव्र नसतो. तेलात बेसन, हळद आणि लिंबाचा रस कालवला तर होतो फक्त तेलकट गोळा. दोन दिवसांत त्याला आंबूस वास येतो आणि पुढे बुरशी धरते. बाजारात वितळवून साच्यात ओतायचा 'सोप बेस' मिळतो. मुलांना हाताशी घेऊन काही करायचंच असेल तर तोच बरा, मात्र वितळवायचं काम मोठ्यांनी करावं. पण त्यातही कॉस्टिक आधीच कारखान्यात वापरून झालेलं असतं. आपल्या आज्या राखेने भांडी घासायच्या, तेव्हा राखेतला क्षार ताटातल्या तुपाला मिळून हाताला बुळबुळीत लागायचं. तोही साबणच होता.

कॉस्टिक खरोखरच नको असेल तर साबणाच्या नावाने काही करू नका. शिकेकाई, रिठा, डाळीचं पीठ, आंबेहळद हे कोरडं दळून घट्ट झाकणाच्या बरणीत भरून द्या. ते उटणं म्हणून उत्तम आहे आणि दिवाळीत आपण वापरतोच.

'केमिकल' या शब्दाबद्दल कोल्हापूरकरांना तरी मी वेगळं सांगायची गरज नाही. गुऱ्हाळावर उकळत्या रसात चुना घालतात, भेंडीचं पाणी घालतात, मळी वर येते, ती झाऱ्याने काढतात. चुना हे रसायनच, पण त्यावरून आपण गुळाला नाव ठेवत नाही. तोच गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून कुणी हायड्रॉस (रंग उडवणारी पावडर) घातलं की मात्र आपण नाक मुरडतो, आणि बरोबरच करतो. काय घातलं, किती घातलं आणि शेवटी किती उरलं, हे तीन प्रश्न आपण गुळाला विचारतो. साबणालाही तेच विचारायला हवेत.

आता मापाबद्दल, कारण मेसेजमध्ये मापच नाही आणि माझी चूक तिथंच झाली होती. ५०० ग्रॅम खोबरेल तेलाचा पूर्ण साबण व्हायला ९१-९२ ग्रॅम कॉस्टिक लागतं. थोडं तेल मोकळं राहून त्वचेला मऊ लागावं म्हणून ते ५ टक्के कमी, म्हणजे ८७ ग्रॅम घालतात. ५०० ग्रॅम शेंगतेलाला मात्र जास्तीत जास्त ६८ ग्रॅम पुरतं. प्रत्येक तेलाची भूक वेगळी असते. साबण करायला लागले त्या पहिल्याच वर्षी एका घाण्याला खोबरेल कमी पडलं. मी अर्धं शेंगतेल घातलं आणि कॉस्टिक तेवढंच ठेवलं, ८७ ग्रॅम. त्या मिश्रणाला ८० पुरे होतं. सात ग्रॅम जादा म्हणजे जेमतेम चमचाभर. साबण दिसायला सुरेख झाला, पांढराशुभ्र, कडक. आठ वड्या सहा घरांत वाटल्या. जाऊबाईंचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. काकूंनी दिलाय म्हणून तो आठवडाभर रोज त्याच साबणाने अंघोळ करत होता. रविवारी आमच्याकडे आला तेव्हा मानेची कातडी लाल होऊन सोलवटलेली होती आणि कोपराच्या खोलगट भागात चिरा पडल्या होत्या. मला बघून म्हणाला, "काकू, तुमचा साबण वासाला छान आहे, पण झोंबतो." त्या रात्री मी वहीतली आकडेमोड पुन्हा केली आणि दुसऱ्या दिवशी सहाही घरांतून वड्या परत मागून आणल्या. तेव्हापासून तेल बदललं की आधी गणित करते. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा नसेल तर साबणाला हात घालू नये, असं माझं ठाम मत आहे. वाटी-चमच्याने भाकरीचं पीठ घेता येतं, कॉस्टिक घेता येत नाही.

"मुलांनाही मदतीला घ्या" या ओळीने तर माझ्या अंगावर काटा आला. थंड पाण्यात कॉस्टिक सोडलं की ते बघता बघता ८०-९० अंशांपर्यंत तापतं. स्टीलचं भांडं हातात धरवत नाही, वर येणारी वाफ घशात खवखवते. थेंब डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. कॉस्टिक नेहमी पाण्यात हळूहळू सोडायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही, नाहीतर ते उसळतं. ॲल्युमिनियमचं पातेलं चालत नाही. कॉस्टिक त्याला खातं, फेस येतो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी आणि घरात मूल जागं नसलेली वेळ, एवढं तरी हवंच. अंगावर उडालं तर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धरा. लिंबू किंवा व्हिनेगर चोळू नका.

आणि कॉस्टिकचं पाणी थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. ते दिसायला साध्या पाण्यासारखं असतं. तहानलेल्या पोराने एक घोट घेतला तरी अन्ननलिका भाजते. पुढे ती आकसते आणि वर्षानुवर्षं उपचार चालतात. असं घडलंच तर उलटी करवू नका, ताक-लिंबू पाजत बसू नका, कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा.

"दुसऱ्या दिवशी भेट द्या." वडी दुसऱ्या दिवशी कापता येते, हे खरं. पण न शिजवता नुसता साच्यात ओतून केलेला हा साबण चार ते सहा आठवडे वाळवावा लागतो. पाणी उडतं, वडी कडक होते, त्वचेला सौम्य लागते. जूनच्या शाळेसाठी ओतायचा तर एप्रिल संपायच्या आत. मे महिन्यात माझ्या वड्या माडीवर जुन्या सुती साडीवर पसरलेल्या असतात आणि वळवाचं आभाळ भरून आलं की मी आधी वाळत घातलेले कपडे नाही, त्या वड्या उचलते. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, दमट हवेत वडीला घाम फुटतो. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दिली तर पावसाळ्यात आणखीच.

हळद, लिंबू, कापूर 'जितकं जास्त तितकं चांगलं' असा मेसेजचा सूर आहे. हळद साबणातल्या क्षाराने लालसर-तपकिरी होते, हे आपण कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावताना बघतोच. लिंबाचा रस साबणाला आंबट करत नाही, तो आधी कॉस्टिकलाच खातो आणि सगळं माप बिघडवतो. तोच रस नुसता अंगाला चोळून उन्हात गेलं तर काळे चट्टे उठतात. कापराबाबत तर मी हट्टी आहे. तो पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात. म्हणून लहान मूल असलेल्या घरी मी कापराचा साबण देत नाही, आणि पेढ्याच्या, लाडवाच्या, चॉकलेटच्या आकाराचा तर कुणालाच देत नाही. दोन वर्षांचं पोर लाडू दिसला की तोंडातच घालणार.

'घरच्या साबणाचा पीएच ५.५' हेही त्याच मेसेजच्या दुसऱ्या आवृत्तीत वाचलं. पीएच म्हणजे आंबटपणा-क्षारपणा सांगणारा आकडा, सातच्या खाली आंबट, वर क्षार. खऱ्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो, मग तो घरचा असो की दुकानातला. ज्या मुलाला आधीच खाज-चट्ट्यांचा त्रास आहे, त्याला माझा साबणही नको. त्याच्यासाठी डॉक्टर सांगतील ते वापरा. शिरोळकडच्या एका मैत्रिणीचा साबण फेसच देईना, तेव्हा तिला वाटलं, आपला घाणा बिघडला. दोष तिच्या बोअरच्या जड पाण्याचा होता. जड पाण्यात साबणाचा चुन्यासारखा साका होतो, मग साबण घरचा असो वा विकतचा.

भेट देता देता बचत गटाच्या प्रदर्शनात विकावंसंही वाटतं. विकायचा असेल तर तो कायद्याने सौंदर्यप्रसाधन ठरतो, आणि २०२० च्या नियमांनुसार उत्पादनाचा परवाना लागतो. तो काढून मगच विका.

आता दप्तराकडे. "शिसपेन्सिलीतलं शिसं मेंदूत जातं." शिसं मेंदूला घातक आहे, याबद्दल दुमत नाही. पण शिसपेन्सिलीत ते नाही, फक्त नावात आहे. इंग्लंडमध्ये ग्रॅफाइट सापडलं तेव्हा लोकांना ते शिशाचाच प्रकार वाटलं. ते कार्बनच आहे हे कार्ल शेले या रसायनज्ञाने १७७९ मध्ये दाखवलं, आणि १७९५ मध्ये फ्रान्समध्ये कोंटे यांनी ग्रॅफाइट आणि माती एकत्र भाजून कांडी करायची रीत काढली. आजही पेन्सिलीत तेच असतं. नाव मात्र तसंच राहिलं आणि अडीचशे वर्षांनी आपल्याला घाबरवतंय. काळजी करायचीच तर बाहेरच्या रंगाची करा, कारण पोरं पेन्सिलीचं टोक नव्हे, बूड चावतात. बिनरंगाची साधी लाकडी पेन्सिल घ्या. कागदाची पेन्सिल वाईट नाही, पण ती घेतली नाही म्हणून जंगल तुटतं असंही नाही. आपल्या देशातल्या पेन्सिलींच्या लाकडी पट्ट्या मोठ्या प्रमाणावर काश्मीरमधल्या पुलवाम्यातून येतात, आणि ते पॉप्लर शेतकऱ्यांनी लावलेलं असतं.

मेसेजमध्ये नाही ते मी सांगते. पाटीवरची पेन्सिल खाणारं मूल प्रत्येक वर्गात एखाद-दुसरं तरी निघतं. मूल माती, खडू, पेन्सिल खात असेल तर ओरडू नका, रक्त तपासा. बऱ्याचदा अंगात लोह कमी असतं. आणि स्ट्रॉबेरीच्या वासाची, फळाच्या आकाराची मऊ खोडरबरं पहिली-दुसरीच्या पोरांना देऊ नका. ती बऱ्याचदा पीव्हीसी या प्लॅस्टिकची असतात. ते मऊ करायला थॅलेट नावाची, पोटात जाऊ नयेत अशी रसायनं मिसळतात, आणि गोड वास आला की पोर ते चावतंच. साधं, वास नसलेलं खोडरबर स्वस्तही असतं.

"बांबूचा डबा." बांबू कापून, पोखरून केलेली वस्तू आणि साच्यातून निघालेला गुळगुळीत रंगीत 'बांबू फायबर' डबा यात फरक आहे. दुसऱ्यात बांबूची भुकटी असते आणि तिला धरून ठेवणारं मेलामाइन-फॉर्मल्डिहाइड म्हणजे प्लॅस्टिकच. त्यात गरम आमटी किंवा आंबट पदार्थ भरला की ही द्रव्यं अन्नात उतरू शकतात. युरोपीय संघाने २०२१ मध्ये अशी भांडी बाजारातून काढायची मोहीम काढली. आपल्या घरी स्टीलचा डबा आहे. बूड चेपलेलं असेल, झाकणावर आजोबांचं नाव कोरलेलं असेल, तोच भरा. तांब्याची बाटली द्यायची तर फक्त पाण्यासाठी. त्यात सरबत किंवा ताक नको, आंबटाने तांबं सुटतं.

"जुनं सगळं आजच घराबाहेर काढा." इथं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. चांगलं दप्तर टाकून तागाचं नवं आणलं तर कचरा वाढला की कमी झाला? प्लॅस्टिकचा डबा तडकलेला, चिकट झालेला असेल तर त्यात जेवण भरू नका, खडू ठेवा, पण धडधाकट वस्तू फेकू नका. माझ्या आईने दर मे महिन्यात आमच्या वह्यांची कोरी पानं सोडवून पेठेतल्या बाइंडरकडे नेली. त्याने दाभणाने टाके घालून पुठ्ठा चिकटवून दिलेली रफ वही वर्षभर पुरायची. यंदा मी मुलाच्या चार वह्यांतून १९० पानं काढली. दोन वह्या झाल्या. एकीच्या पहिल्या पानावर मागच्या वर्षीचा अर्धा राहिलेला भागाकार आहे. तो त्याने या वर्षी पुरा केला.

साबणाचंही यंदा ठरलंय. वर्गातल्या मुलांना नाही, त्यांच्या आयांना देणार, म्हणजे वापरायचा की नाही हे त्या ठरवतील. वर्तमानपत्रात न गुंडाळता कोऱ्या खाकी कागदात, आणि प्रत्येक वडीवर दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: "खोबरेल तेल, शेंगतेल, एरंडेल, कॉस्टिक सोडा, पाणी. सुगंध नाही. ओतला १९ एप्रिल, वाळला ८ आठवडे. ३ वर्षांखालच्या मुलांना नको. चुरचुरलं तर लगेच धुऊन टाका आणि मला फोन करा."