कायदा वापरला कसा, हे कोण तपासणार?

जुलै 2025 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने संघटनांना बेकायदा ठरवून बंदी घालण्याचा अधिकार सरकारला देणारं विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने 2006 च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही आरोपींना निर्दोष ठरवलं. मकोका या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखालचा खटला, मध्ये 19 वर्षं गेली. एकजण तर तुरुंगातच वारला होता. राज्य सरकार तडक सर्वोच्च न्यायालयात गेलं.

लंडनहून घरच्यांशी फोनवर या दोन्हींवर कडाक्याचा वाद झाला. एक बाजू म्हणे कायदा हवाच, दुसरी म्हणे काळा कायदा फेका. मला तिसरंच विचारायचं होतं: असे कायदे प्रत्यक्षात कसे वापरले जातात, हे दरवर्षी कोण बघतं?

ब्रिटनमध्ये दहशतवादविरोधी कायद्यांसाठी सरकारबाहेरचा एक ज्येष्ठ वकील स्वतंत्र परीक्षक म्हणून नेमलेला असतो. 2019 पासून हे काम जोनाथन हॉल यांच्याकडे आहे. त्यांना गोपनीय फायली पाहता येतात आणि त्यांचा वार्षिक अहवाल सरकारला संसदेपुढे ठेवावाच लागतो.

त्याने काय होतं? इथल्या 2000 सालच्या दहशतवादविरोधी कायद्यातलं कलम 44 घ्या. संशय नसतानाही पोलीस रस्त्यात कुणाचीही झडती घेऊ शकत. तेव्हाचे परीक्षक लॉर्ड कार्लाइल यांनी 2009 मध्ये लिहिलं की आकडेवारीत वांशिक तोल दिसावा म्हणून पोलीस गोऱ्या लोकांना विनाकारण अडवताहेत. हे पोलिसांनी आपण होऊन सांगितलं असतं का? पुढच्या वर्षी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ते कलम बेकायदा ठरवलं आणि नंतर ते गेलं. 2024 मध्ये इंग्लंडमधल्या साउथपोर्टला तीन लहान मुलींची हत्या झाली. देश संतापलेला असतानाही हॉल यांनी असा हल्ला बसावा म्हणून दहशतवादाची व्याख्या वाढवू नका, असा सल्ला दिला.

परीक्षकाचा सल्ला सरकारवर बंधनकारक नाही, हेही खरं. 2025 मध्ये ‘पॅलेस्टाइन अॅक्शन’ या आंदोलक गटावर दहशतवादविरोधी कायद्याखाली बंदी आली आणि त्याच्या समर्थनाचा नुसता फलक धरला म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही अटक झाली. परीक्षक असूनही हे टळलं नाही.

आपल्याकडे यूएपीए या केंद्राच्या दहशतवादविरोधी कायद्याखाली खटल्याला मंजुरी देण्याआधी एक स्वतंत्र प्राधिकरण पुरावे बघतं, पण त्या एका प्रकरणापुरतेच. जनसुरक्षा कायद्यातलं सल्लागार मंडळही संघटनेवरची बंदी योग्य की नाही, एवढंच पाहणार. किती जणांना पकडलं, किती वर्षं डांबलं, किती सुटले, कुठलं कलम कुठे भलत्याच कामाला वापरलं, हे सगळं एकत्र मांडून विधिमंडळापुढे ठेवणारं कुणीच नाही. सरकारी खर्चाचा हिशेब महालेखापरीक्षक तपासतात. माणसांच्या वर्षांचा हिशेब तपासायला एक निवृत्त न्यायाधीश आणि फायली उघडायचा अधिकार, एवढं महाराष्ट्राला नक्कीच परवडेल.