गॅस सोडला म्हणजे आग विझत नाही

‘कंटेनरमध्ये गॅसची अग्निशमन यंत्रणा आहे, त्यामुळे धोका नाही’ हे कंटेनरमध्ये मोठ्या बॅटऱ्या ठेवून वीज साठवण्याच्या प्रकल्पावरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. गॅस ज्वाळा दाबतो. बॅटरीतले सेल आतून तापतच राहतात आणि ज्वलनशील वायू साठत जातो. २०१९ साली अमेरिकेत अ‍ॅरिझोनात अशाच बॅटरी-प्रकल्पात ही यंत्रणा चालली होती, तरी काही तासांनी दार उघडल्यावर स्फोट झाला. अग्निशमन दलाचे जवान गंभीर जखमी झाले.

शिरोलीत आमच्या शेजारच्या शेडमध्ये ई-स्कूटरची बॅटरी पेटली. वाळू टाकून विझवली, दोन तासांनी परत भडकली. एका बॅटरीची ही गत! इथे असा प्रकल्प येणार असेल तर वायू बाहेर काढायची सोय, कंटेनरमधलं अंतर, तासन्‌तास पुरेल एवढं पाणी आणि ते पंचगंगेत उतरू नये याची तजवीज आधी नकाशावर दाखवा. आणि दार केव्हा उघडायचं नाही, हे आपल्या जवानांना आधी शिकवा.