माणसं येतायत

रविवारची मैफल, प्रवेश विनामूल्य. अर्धा तास आधी पोचलो, तर तिसऱ्या रांगेत माणूस एकच. सत्तरीचे काका. बाकी खुर्च्यांवर रुमाल, छत्री, पाण्याची बाटली, चष्म्याचं रिकामं घर आणि पेपरची सुटी पानं.

"इथे कोणी आहे?"

"माणसं येतायत."

"या पुरवणीवरसुद्धा?"

"पुरवणीवर सूनबाई."

शेवटी बाटली उचलून म्हणाले, "टेका. पण माणसं आली की उठायचं."

मग मुलगी बघायला आल्यासारखी चौकशी सुरू झाली. "कोणाकोणाला ऐकलंयत समोर बसून?"

म्हटलं, राहिलेच जास्त. झाकिरभाई राहिले.

"ते गेले."

"माहितीये हो." डिसेंबर २०२४ पासून तोच सल आहे.

"मी ऐकलंय. किशोरीताई?"

"राहिल्या."

"च्च! राशिद खान?"

"तेही."

"मग ऐकलंत काय तुम्ही?"

आता याला काय उत्तर देणार? उल्हास कशाळकरांना ऐकायचंय, व्यंकटेश कुमारांना ऐकायचंय. इळैयाराजांना अख्ख्या वाद्यवृंदासकट ऐकायचंय. ऐंशी ओलांडलेल्या या माणसाने मार्च २०२५ मध्ये लंडनला जाऊन स्वतःची सिम्फनी सादर केली आणि माझा कसारा घाट काही उतरून होत नाही. हे बोलून दाखवलं, तर काका म्हणाले, "साउथचं आपण नाही ऐकत." विषय संपला.

मोठी मैफल म्हटली की मुंबई नाहीतर पुणे. तिकिटाचे पैसे, गाडीचे पैसे, आणि गवई रंगात येतो तेव्हा आपण घड्याळ बघत परतीचा हिशोब करायचा. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले नवी मुंबईत तीन दिवस वाजवून गेले. भाच्याच्या हट्टापायी मीही मोबाइलवरच्या रांगेत उभा राहिलो होतो. पुढे लाखो माणसं! तिथेही कोणीतरी पुरवण्या टाकून ठेवल्या असणार. नाशिकला लाइव्ह म्हणून हमखास मिळतो तो ढोल. तोही घराच्या खिडकीखाली, आणि नको असताना.

म्हणून मी गावाची बाजू सावरायला गेलो. म्हटलं, गायक विष्णु दिगंबर पलुस्कर उतारवयात इथेच येऊन राहिले, त्यांचे गायक चिरंजीव डी. व्ही. यांचा तर जन्मच इथला, १९२१ चा.

"डीव्हींना ऐकलंय मी," काका म्हणाले.

"काका, ते १९५५ साली गेले."

"हो ना. शेवटी शेवटीच ऐकलं."

सत्तर वजा करून पाहिलं. पाळण्यातून ऐकलं असणार. तिथेही शेजारच्या पाळण्यावर दुपटं टाकून ठेवलं असेल.

गाणं सुरू झालं. गाणारी मुलगी तरुण, नाव फारसं कोणाला ठाऊक नसलेली, पण काय गात होती! विलंबित ख्याल मी एक डोळा दारावर ठेवून ऐकला, कारण माणसं येणार होती. तराण्यापर्यंत कोणी आलं नाही. मागे भिंतीला टेकून माणसं उभी, आणि तिसऱ्या रांगेत पंख्याखाली पुरवणी फडफडतेय. एकाने विचारलंच, तर काकांनी तानेच्या ऐन मध्यात, खणखणीत आवाजात सांगितलं, "येतायत!"

भैरवी लागली तसे काका उठले. रुमाल गोळा केले, पानांची घडी घातली, पिशवीची चेन कर्रकन ओढली आणि माझ्या गुडघ्यांवरून वाट काढू लागले. नंतर पार्किंगमध्ये गर्दी होते म्हणे.

"काका, भैरवी तरी ऐका!"

"भैरवी काय, सगळ्यांची सारखीच असते."