पत्ता दारातच तपासायचा, पण ४५० ठेवून

नमस्कार,

माझा लेख वाचून तुम्ही पोस्टफिक्सच्या (मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) गेटवेवर, म्हणजे बाहेरची मेल आधी जिथे येते त्या सर्व्हरवर, पत्त्यांची पडताळणी सुरू केलीत आणि सोमवारी रुजू झालेल्या बाईंना आलेली मेल 'युजर अननोन' म्हणून परत गेली. पडताळणी बंद करून सगळं आत घ्यावं, काय ते आतला सर्व्हर ठरवेल, असं तुमचं म्हणणं आहे.

मेल परत गेली ती माझ्या सल्ल्यामुळे. पत्ता चुकला तर पाठवणाऱ्याला लगेच कळावं म्हणून मी नकाराचा कोड ५५० (कायमचा नकार) करायला सांगितला होता. पोस्टफिक्स मुळात ४५० (तात्पुरता नकार, नंतर पुन्हा प्रयत्न करा) देतं, आणि तेच बरोबर आहे.

तुमचा लॉग बघा. ९:४० ला नकार, मग मेलबॉक्स तयार झाला, ११:०५ ला पुन्हा नकार. दुसऱ्या वेळी गेटवेने आत विचारलंच नाही. पहिल्या वेळी त्याने आतल्या सर्व्हरला नुसता पत्ता सांगून पाहिला, मजकूर न पाठवता परत आला आणि मिळालेलं उत्तर जपून ठेवलं. होकार ३१ दिवस राहतो, नकार ३ दिवस. ३ तासांनी नकार शिळा धरतात, पण तेव्हाही आलेल्या मेलला जुनंच उत्तर मिळतं. नवी चौकशी मागाहून जाते. ४५० असता तर पाठवणाऱ्याच्या सर्व्हरने मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न केला असता आणि ती दुपारनंतर पोचली असती.

पण सगळं आत घ्या, हे मला अजिबात पटत नाही. एकदा मेल घेऊन '२५०' (स्वीकारली) म्हटलं की ती तुमची जबाबदारी. आतल्या सर्व्हरने नाकारली की गेटवेला ती 'पाठवणाऱ्याला' परत करावी लागते, आणि स्पॅममध्ये तो पत्ता चोरलेला असतो. म्हणजे भलत्याच माणसाच्या इनबॉक्समध्ये तुमच्या नावाने कचरा, आणि तुमचा आयपी ब्लॅकलिस्टमध्ये. एका संस्थेत मी मेलक्यू (थांबलेल्या मेलची रांग) उघडली तर पानंच्या पानं मेलर-डीमन (मेल परत आल्याच्या आपोआप निघणाऱ्या सूचना) होती, आणि खरी पत्रं त्याखाली अडकलेली.

अनोळखी सर्व्हरना चौकशा पाठवू नयेत, हा तुमचा दुसरा मुद्दा मान्य. पडताळणी फक्त आपल्या डोमेनपुरती ठेवा.

एक गोष्ट लेखात राहून गेली होती. गेटवेवरून आतल्या सर्व्हरच्या २५ पोर्टला टेलनेट करा (हाताने जोडणी करून आज्ञा टाइप करा) आणि आरसीपीटी टू (मेल कोणाला, ते सांगणारी आज्ञा) मध्ये मुद्दाम खोटा पत्ता द्या. तिथे '२५० ओके' आलं, म्हणजे तो खोटा पत्ताही स्वीकारत असेल, तर आधी आतला सर्व्हर दुरुस्त करा. तोवर ही पडताळणी निरुपयोगी आहे. ५५० आलं तर गेटवेचा कोड ४५० करा आणि नकार शिळा होण्याची मुदत ३ तासांवरून १० मिनिटांवर आणा. एलडॅपमधून (संस्थेतल्या खात्यांची निर्देशिका) पत्त्यांची ताजी यादी मिळत असेल तर सरळ रिले रेसिपियंट मॅप्स (वैध पत्त्यांची यादी गेटवेला देणारी सेटिंग) वापरा. मग चौकशीची गरज उरत नाही आणि तिथे ५५० निर्धास्त देता येतो.

आणि ज्यांची मेल परत गेली त्यांना आजच फोन करून ती पुन्हा पाठवायला सांगा. ५५० मिळालेली मेल त्यांचा सर्व्हर आपणहून पुन्हा पाठवणार नाही.