२५६ एमबी कॅशने हार्ड डिस्क चौपट पळत नाही

पुण्यातल्या डीटीपीवाल्यांच्या, फोटो स्टुडिओंच्या आणि अकाउंट्सची कामं घेणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. जुना पीसी वेगवान करण्याचा मंत्र म्हणून त्यात चार गोष्टी सांगितल्या आहेत. ६४ एमबीऐवजी २५६ एमबी कॅशची (म्हणजे डिस्कमधल्या छोट्या, वेगवान तात्पुरत्या मेमरीची) हार्ड डिस्क घ्या, ती चौपट पळते. तुमच्या नेहमीच्या फायली डिस्क या कॅशमध्येच ठेवते. विंडोजमधलं प्रीफेच फोल्डर दर आठवड्याला रिकामं करा. आणि राइट-कॅशचं फ्लशिंग, म्हणजे कॅशमधलं लिखाण तबकडीवर उतरवायला लावणं, बंद करा, यूपीएस असेल तर धोका नाही. पहिले दोन दावे चुकीचे आहेत, तिसरा नेमका उलटा आहे आणि चौथ्यापायी माणसांचं काम बुडू शकतं.

आधी ‘चौपट’. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. डेटा वाचणारं हेड तबकडीवरच्या योग्य ट्रॅकवर, म्हणजे गोल पट्ट्यावर, पोचायला सरासरी ८-९ मिलिसेकंद जातात, आणि हवा तो सेक्टर (ट्रॅकचा छोटा तुकडा) हेडखाली येईपर्यंत आणखी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. त्यामुळे डेटा विखुरलेला असेल तर सेकंदाला जेमतेम ऐंशीच वाचनं होतात. दर वेळी ४ केबी धरले तर ३२० केबी. तीच डिस्क सलग वाचताना सेकंदाला १५० एमबी सहज देते. हा शेकडो पटींचा फरक हेडच्या धावपळीमुळे पडतो. १ टीबीच्या डिस्कमध्ये २५६ एमबी म्हणजे सुमारे चार हजारावा भाग, तेव्हा कुठूनही मागितलेला सेक्टर आधीच कॅशमध्ये सापडेल ही आशा फोल आहे.

मग मेसेजसोबतच्या स्क्रीनशॉटमध्ये सेकंदाला ५०० एमबी कसे दिसतात? चाचणीची फाइल कॅशमध्ये मावेल एवढी लहान घेतली की असंच दिसतं. तिथे तबकडीचा वेग मोजलाच जात नाही, फक्त कॅशच्या चिपचा आणि केबलचा मोजला जातो. तीच चाचणी ४ जीबीच्या फाइलवर घ्या. कॅश पहिल्या अर्ध्या सेकंदात भरते आणि आकडा तबकडीच्या वेगावर येऊन बसतो. तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात डिस्क घेताना आणखी एक बघा. बऱ्याच २५६ एमबीवाल्या डिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. त्यांचे ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असल्याने जुन्या जागी नवं लिहायचं तर शेजारचे ट्रॅकही पुन्हा लिहावे लागतात. हा खटाटोप सांभाळायला कॅश मोठी लागते. म्हणजे तिथे तो मोठा आकडा वेगाची खूण नाही, गरज आहे. डिस्क एसएमआर आहे हे कंपन्या स्पष्ट सांगत नव्हत्या, म्हणून २०२० मध्ये यावर बराच गदारोळ झाला होता. जुनी कामं साठवून ठेवायला अशी डिस्क चालेल, दिवसभर लिहिण्या-पुसण्याच्या कामाला घेऊ नका.

दुसरा दावा जास्त पसरलेला आहे, आणि त्यामुळे कॅशचं खरं काम झाकलं जातं. डिस्कला फाइल म्हणजे काय हेच माहीत नसतं. तिला फक्त सेक्टरचे क्रमांक कळतात. ‘नेहमीच्या फायली’ जपते ती ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तीही रॅममध्ये. विंडोज काय किंवा लिनक्स काय, रिकामी रॅम वाचलेल्या डेटासाठी वापरतातच. कोरलड्रॉ बंद करून लगेच पुन्हा उघडलं की ते झटकन येतं, कारण बहुतेक वेळा ती मागणी डिस्कपर्यंत पोचतच नाही.

डिस्कमधली कॅश कमावते ती पुढचं आधीच वाचून. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात नववीचं गणित मागितलं की माळ्यावर चढलेला पोऱ्या नववीचा सगळा संच खाली आणतो, कारण पुढचं गिऱ्हाईक बहुधा तेच मागणार असतं. डिस्कही तेच करते. हेड एकदा ट्रॅकवर पोचलं की तबकडी फिरतच असते. मागितलेल्या सेक्टरच्या पुढचे सेक्टर आयतेच हेडखालून जातात, ते वाचून ठेवायला जवळजवळ काही खर्च नाही. पुढची मागणी सलग आली तर उत्तर तयार असतं. आजच्या डिस्कच्या एका ट्रॅकवर साधारण एक-दोन एमबी मावतात, त्यामुळे या कामाला ६४ एमबीही भरपूर झाले. लिहिताना कॅश दुसऱ्या प्रकारे उपयोगी पडते. आलेल्या नोंदी थोडा वेळ थांबवून हेडला कमी फिरावं लागेल अशा क्रमाने त्या लावता येतात.

प्रीफेच फोल्डरचं थोडक्यात. डिस्कच्या कॅशशी त्याचा संबंध नाही. एखादा प्रोग्रॅम उघडताना कुठकुठल्या फायली लागल्या याच्या छोट्या नोंदी विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, तिथे ठेवल्या जातात. पुढच्या वेळी त्याच फायली आधीच आणि सोयीच्या क्रमाने वाचल्या जातात. नोंदी पुसल्या की पुढची सुरुवात उलट मंदावते. फोल्डर फुगत जाईल ही भीतीही नको, विंडोज ७ पर्यंत १२८ आणि ८ पासून १०२४ नोंदींची मर्यादा आहे. नेहमीचे प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये आणून ठेवणारी सिसमेन ही विंडोजची सर्व्हिस मात्र वेगळी. रॅम कमी असलेल्या पीसीवर सुरुवातीला डिस्कचा वापर शंभर टक्के दिसत असेल तर ती बंद करून पाहायला हरकत नाही.

आता फ्लशिंग. राइट-कॅश चालू असणं आणि फ्लशिंग बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पीसीच्या आतल्या डिस्कवर मुळातच चालू असते आणि तशीच ठेवावी. पण कॅशमध्ये आलेली नोंद डिस्क ‘झालं’ म्हणून कळवते, तेव्हा ती तबकडीवर उतरलेली असतेच असं नाही. म्हणून फाइल सिस्टिम आणि डेटाबेस मोक्याच्या क्षणी सांगतात, आधी हातातलं सगळं तबकडीवर उतरव, मगच पुढे. हाच फ्लश. तो बंद केला की क्रमाची हमी गेली. वीज गेली तर फायलींच्या यादीत ‘फाइल लिहिली’ अशी नोंद सापडेल आणि फाइलच्या जागी कचरा. वीज जाताच डिस्क फिरत्या मोटरमधून उरलेली ऊर्जा घेते खरी, पण साध्या डिस्कमध्ये ती हेड सुरक्षित जागी नेण्यापुरती असते, कॅश वाचवायला नाही.

यूपीएसचा भरवसा अर्धाच आहे. दुकानातल्या कित्येक यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, आणि ते पावसाळ्यात लाइट गेल्यावरच कळतं. यूपीएस धडधाकट असला तरी पीसीला वीज पुरवणारा एसएमपीएस जळू शकतो, पायात केबल अडकू शकते, हँग झाला म्हणून कोणी बटण दाबून धरू शकतं. लग्नाचा अल्बम किंवा वर्षअखेरीचे हिशेब अशा वेळी गेले तर ते कुठून आणायचे?

मेसेज वाचून कोणी ही सेटिंग बदलली असेल तर आजच परत फिरवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्क निवडा, प्रॉपर्टीजमधला पॉलिसीज टॅब उघडा. तिथे राइट-कॅशिंगच्या वरच्या चौकोनातली खूण राहू द्या, फ्लशिंग बंद करणाऱ्या खालच्या चौकोनातली काढा आणि ओके करा.