पेट्रोलवर नीट चालते ना?

परवा ठाण्यात गायमुखच्या घाटात गाडीने मला भर ट्रॅफिकमध्ये नाचवलं. सीएनजी गॅसवर होती, जरा दाबली की झटके, चेक इंजिनचा दिवा लुकलुक लुकलुक, मागे ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. पेट्रोलचं बटण दाबलं आणि मॅडम लगेच शहाण्या. घाट संपला, परत गॅसवर टाकली, सपाट रस्त्याला ठीकठाक.

तर गॅरेज. घोडबंदर रोडलाच आहे, कुठलं ते सांगत नाही, अजून तिथेच जावं लागणार. फोरमनला सगळं सांगितलं, त्याने एकच विचारलं, "पेट्रोलवर नीट चालते ना?" म्हटलं हो. "मग इंजिन ओके आहे साहेब, गॅसचं काम आहे," असं म्हणून त्याने पोराला गॅस फिल्टर बदलायला आणि इंजेक्टर साफ करायला सांगून टाकलं. गाडीचे फॉल्ट कोड वाचणारा स्कॅनर कपाटात. माझा संताप होतो तो इथे. पेट्रोलवर चालते म्हणून स्पार्कची बाजू सुटली असं होतच नाही. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यात चढाला इंजिनवर लोड आला की सिलेंडरमध्ये दाब वाढतो आणि ठिणगी पडायला अजून जोर लागतो. म्हणजे थकलेला स्पार्क प्लग किंवा त्याला करंट देणारी कॉइल पेट्रोलवर निभावून नेते आणि गॅसवर, तेही नेमकी घाटात, उघडी पडते. हे मी बोललो. फोरमन "हां हां" म्हणाला आणि जेवायला गेला.

आणि मग काका.

काका स्वतःच्या स्कूटरचं पंक्चर काढायला आलेले. हाफ पँट, हातात दुधाची पिशवी, ती शेवटपर्यंत हातातच. गॅसची गाडी त्यांच्याकडे नाही, कधी नव्हती, हे त्यांनीच सांगितलं आणि तरी, "बॉनेट उघडा बघू." बॉनेट उघडंच होतं. मग सायलेन्सरमागे वाकून हात धरला, हाताचा वास घेतला आणि मान हलवली, डॉक्टर नातेवाईकांना बाहेर बोलावतात ना तशी. "गॅस कुठे भरता?" सांगितलं. "केव्हा?" रात्री. "तिथेच चुकलं. पहाटे भरायचा, गार असतो, ताकद जास्त." म्हटलं काका, रात्री जातो कारण तेव्हा लाईन जरा छोटी असते. (छोटी म्हणजे माजिवड्याला जाऊन परत येता येईल एवढा वेळ. बायको-पोरं उतरून कंपाऊंडच्या भिंतीपाशी उभी, डास, आणि नंबर लागला की कळतं पंपाला प्रेशरच नाही, २०० बारच्या टाकीत जेमतेम अर्धा गॅस. पैसे वाचतात म्हणून घेतली होती गाडी. असो.)

काकांनी आता मेहुण्याला फोन लावला. मेहुणा डोंबिवलीला, "गाड्यांतलं सगळं कळतं." फोन स्पीकरवर आणि स्पीकर इंजिनच्या उरावर. "रेस द्या," मेहुणा म्हणाला. दिली. "अजून." दिली. गाडी उभ्या जागेवर गुळगुळीत चालत होती, लोडच नाही तर झटका येणार कुठून, पण ऐकतंय कोण. मेहुणा गप्प, आणि मग एकदम, "थांबा थांबा! शिट्टी ऐकू आली! व्हॅक्यूम लीक आहे, इंजिन कुठूनतरी हवा ओढतंय!" काकांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. मी इंजिन बंद केलं. शिट्टी परत झाली. फोनमध्ये मागून बाईंचा आवाज, "अहो, तिसरी झाली, गॅस बंद करा."

काकांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "त्याच्याकडे पाइपलाइनचा आहे," म्हणाले. "तो पण सीएनजीच."

शेवटी त्या इंजेक्टर साफ करणाऱ्या पोराने, बिचारा अठरा-एकोणीसचा असेल, मला हळूच विचारलं, "कॉइल फिरवून बघू का?" मी त्याला मिठीच मारणार होतो. स्कॅनर लावला. कोड पी०३०३, म्हणजे तीन नंबरचा सिलेंडर मिस करतोय, त्यात गॅस नीट पेटत नाही. तीनची कॉइल दोनवर, दोनची तीनवर, कोड पुसला आणि गॅसवर टाकून निघालो पातलीपाड्याच्या पुलावर लोड द्यायला. काका न विचारता पुढच्या सीटवर, दुधासकट. चढाला तोच झटका, तोच दिवा, काका म्हणाले "बघा, व्हॅक्यूम." पोराने मागून स्क्रीन दाखवली, पी०३०२. कॉइलबरोबर कोड सरकला, विषय संपला. किती वेळ लागला? चहा गार होण्याइतकाही नाही.

बिलात नवी कॉइल, ठीक आहे. पण गॅस फिल्टर, इंजेक्टर क्लीनिंग आणि वर 'सीएनजी जनरल चेकिंग' असे तीन वेगळे आकडे. मी म्हटलं चेकिंग तर काकांनी केलं. फोरमन हसला, एक पैसा कमी केला नाही. ज्या पोराने फॉल्ट पकडला त्याचं बिलात कुठेच काही नाही, त्याला वेगळे दिले तर फोरमन मलाच म्हणतो, "साहेब, सवय लावू नका." आणि काकांनी माझा नंबर मागून घेतला. संध्याकाळी मेहुण्याचा मेसेज, "व्हॅक्यूम लीकचं काय झालं?"