म्हणे, थंडी झेपली नाही!

आमच्या आतेभावाने परवा घरच्या ग्रुपवर एक लांबलचक संदेश टाकला आणि खाली 'सत्य कडू असतं' अशी पुस्ती जोडली. संदेशाचं सार असं: पहिल्या महायुद्धात गोरे सैनिक चार वर्षं सलग खंदकात राहून लढले, भारतीय शिपायांना मात्र फ्रान्सची थंडी झेपली नाही, त्यांनी स्वतःच्याच हातांवर गोळ्या झाडून घेतल्या, आणि वर्षभरात त्यांना मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, उबेत हलवावं लागलं. शिवाय सगळ्यांना गोमांस खायला घातलं. बघता बघता त्याखाली टाळ्याही पडल्या.

चार वर्षं सलग खंदकात कुणीच राहिलं नाही, गोरा नाही की काळा नाही. पलटणी आळीपाळीने पुढे जात. काही दिवस पहिल्या रांगेत, मग मागच्या खंदकात, मग गावात विश्रांती. ती विश्रांतीही नावापुरती, कारण तिथे खणकाम आणि ओझी वाहणं ठरलेलं. पहाटे आणि तिन्हीसांजेला संगिनी लावून सज्ज उभं राहायचं. दिवसा डोकं वर काढलं की गोळी, म्हणून तारा लावणं, ढासळलेल्या भिंती सावरणं, शिधा आणणं ही सगळी कामं रात्री. रोज उठून संगिनींची लढाई होत नसे; रोज होत्या त्या उवा, उंदीर आणि फावडं.

थंडीचं म्हणाल तर ती बाधली, हे खरं आहे. सप्टेंबर 1914 मध्ये फ्रान्सच्या मार्सेल बंदरात उतरलेल्या शिपायांच्या अंगावर उन्हाळी खाकी होती. फ्रान्स-बेल्जियमच्या सीमेवरच्या फ्लँडर्समध्ये, जिथे हे खंदक होते, हातभर खणलं की पाणी लागतं. त्या चिखलात दिवसचे दिवस उभं राहून पाय सडत. पण ते ब्रिटिशांचेही सडले. मोजे बदला, पायांना व्हेलचं तेल चोळा, हे हुकूम साऱ्या सैन्यासाठी निघाले होते. त्याच हिवाळ्यात, 23-24 नोव्हेंबरच्या रात्री, फेस्टुबर्टला डोक्याला आणि दंडाला जखमा झालेल्या गढवाली दरवान सिंह नेगींनी खंदकाचं एकेक वळण शत्रूकडून परत घेतलं. त्यांना मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, त्याबद्दलचा आहे.

आता ती हातावरची गोळी. माझं डोकं फिरलं ते इथे. सुरुवातीच्या आठवड्यांत हाताला जखम झालेले भारतीय शिपाई इस्पितळात खूप आले आणि अधिकाऱ्यांना संशय आला, एवढं ऐतिहासिक आहे. पुढचं मात्र संदेश लिहिणाऱ्याने गिळलं. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या किचनर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी 1915 मध्ये नेमक्या याच संशयाचा निकाल लावायला 1,000 जखमा तपासल्या. शिपाई सर्रास स्वतःला जखमी करून घेतात या समजाला त्यांना आधार सापडला नाही. हा माणूस शिपायांचा वकील नव्हता. इस्पितळाभोवती काटेरी तारा आणि पहारे ठेवणारा कडक अधिकारी होता. आणि जरा विचार करा, खंदकाच्या कडेवरून बंदूक चालवताना शत्रूला काय दिसतं? डोकं आणि हात. डोक्याला लागलेला इस्पितळापर्यंत पोचतच नाही.

काही जणांनी तसं केलं, हे मान्य करावं लागेल. टपाल तपासनिसांच्या अहवालांत तर आजारी दिसण्यासाठी घरून भिलावा, म्हणजे आपला बिब्बा, मागवल्याचेही उल्लेख आहेत. पण हा प्रकार सगळ्याच सैन्यांत होता. ब्रिटिश सैन्यात याच गुन्ह्यासाठी दोषी ठरलेल्यांची संख्या 3,900 च्या आसपास आहे. त्यांच्यावर कुणी 'कडू सत्य' लिहीत नाही.

बरं, ती 'ऊब'. 1915 अखेर फ्रान्समधून गेल्या त्या लाहोर आणि मेरठ या पायदळाच्या दोन डिव्हिजन. थंडी हे एकच कारण नव्हतं. मार्च 1915 मध्ये एकट्या न्यूव्ह शापेलच्या लढाईत भारतीय कोरचे, म्हणजे याच दोन डिव्हिजनच्या फौजेचे, 4,000 हून अधिक जवान मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. शिपायांची भाषा जाणणारे ब्रिटिश अधिकारी संपले, त्यांच्या जागी आणायला तसे उरले नव्हते. भारतीय घोडदळ तर 1918 च्या सुरुवातीपर्यंत फ्रान्समध्येच होतं, घोडे मागे ठेवून खंदकात पाळ्या करत होतं. पुढचे तीन हिवाळे त्यांनी कुठे काढले, हे आतेभावाने सांगावं.

आणि मेसोपोटेमियात काय मिळालं? तुर्कांनी कुट या गावात घातलेल्या वेढ्यात डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 अशी उपासमार. त्यात मराठा पलटणीही अडकल्या होत्या. हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाला, गोऱ्यांना बेरीबेरी, कारण दोघांचा शिधा वेगळा.

यातच गोमांसाचंही उत्तर आलं. फ्रान्समध्येही भारतीयांचा शिधा वेगळाच होता: आटा, डाळ, तूप, गूळ. मांसासाठी जिवंत बकऱ्या येत आणि झटका-हलाल वेगवेगळं होई. ब्रायटनच्या पॅव्हिलियन इस्पितळात जातिधर्म सांभाळायला नऊ स्वयंपाकघरं होती. इंग्रजांना 1857 चांगलं आठवत होतं.